कमरेत उसण भरली तर: पहिल्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

उसण भरते ती बहुतेक वेळा क्षुल्लक निमित्ताने. बादली उचलताना, मोजे घालताना, कधी नुसती शिंक आली म्हणून. क्षणात कंबर धरते, माणूस एका बाजूला कलतो आणि सरळ उभं राहता येत नाही. कळ इतकी जोरात येते की आत काहीतरी मोडलं किंवा सरकलं असंच वाटतं. बहुतेकदा तसं काही झालेलं नसतं. दुखऱ्या भागाची हालचाल होऊ नये म्हणून कमरेच्या पाच मणक्यांभोवतीचे स्नायू एकदम आखडतात, आणि त्या आखडण्याचाच त्रास मोठा असतो. मूळ दुखरी जागा मणक्यांमधली गादी असेल, मणक्यांच्या मागचे छोटे सांधे असतील, एखादा स्नायू असेल. दहांपैकी नऊ जणांत ती नेमकी कोणती हे कुठल्याही तपासणीतून ठामपणे सांगता येत नाही. त्यावाचून काही अडत नाही, कारण या सगळ्यांवरचे उपाय जवळजवळ सारखेच आहेत.

त्यामुळे पहिल्या दिवशी एकच प्रश्न सोडवायचा: आपण त्या नवांतले, की ज्याच्या दुखण्यामागे वेगळं, लक्ष द्यायलाच हवं असं कारण असतं त्या दहाव्यातले?

ताबडतोब दवाखाना कधी

सगळ्यात तातडीची गोष्ट लघवी-शौचाची. कमरेच्या खालच्या भागात मज्जातंतूंचा एक जुडगा असतो. मोठी गादी सरकून तो दाबला गेला, तर जांघेत, गुदद्वाराभोवती, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तेवढ्या भागात बधिरपणा येतो. शौचानंतर धुताना पाण्याचा किंवा हाताचा स्पर्श कळत नाही. लघवी लागल्याचं समजत नाही, किंवा लागूनही होत नाही, किंवा नकळत होते. दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा येतो. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता, ज्या रुग्णालयात एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतं तिथे जायचं. इथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर शस्त्रक्रिया होऊनही लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही. "गोळ्यांनी मलावरोध झाला असेल" म्हणून दोन दिवस काढणं ही इथली नेहमीची चूक.

पाऊल लुळं पडणं हेही तातडीचंच. भिंतीला एक हात धरून आधी टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. एका पायाचा चवडा वर राहत नसेल आणि चप्पल जमिनीला घासत असेल, किंवा एका पायाच्या चवड्यावर शरीर उचलता येत नसेल, तर शीर, म्हणजे पायाकडे जाणारा मज्जातंतू, नुसती दुखत नाहीये, तिचं काम थांबतंय. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

साठीच्या पुढच्या बाईला, किंवा दम्यासाठी, संधिवातासाठी बरीच वर्षं स्टेरॉइड घेणाऱ्या कुणालाही साध्या धक्क्याने मणक्याचं हाड दबू शकतं. एसटीत शेवटच्या बाकावर बसलेलं असताना गाडी खड्ड्यात आदळते आणि पाठीत कट्‌कन होतं, हा प्रकार हाडांच्या डॉक्टरांना चांगला माहीत आहे. दुखतं ते बरगड्या संपतात त्या उंचीला, अगदी मध्यभागी, आणि बोटाने ठोकलं की कळ येते. इथे पहिल्याच दिवशी एक्स-रे हवा. मालिश अजिबात नको. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायची पद्धत गावोगाव आहे. नुसता पाय लावून घेतला तर काही बिघडत नाही, पण ठिसूळ हाडाच्या पाठीवर कुणी उभं राहिलं तर बिघडतं.

आपल्याकडे आणखी एक आजार कायम डोक्यात ठेवावा लागतो, तो म्हणजे मणक्याचा क्षय. खोकला असेलच असं नाही. दुखणं हळूहळू वाढत जातं, रात्री जास्त असतं, आडवं पडूनही थांबत नाही. संध्याकाळी बारीक ताप, भूक कमी, कपडे सैल होणं. दोन-तीन आठवडे असं चाललं असेल तर बाम आणि शेक बंद करून तपासणीला जा. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण मणक्याच्या क्षयाला ती साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावी लागतात. आधी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची नवी कंबरदुखी आणि थंडी वाजून तापासोबत आलेली कंबरदुखी यांनाही हाच नियम.

कमरेचं वाटतं, पण कमरेचं नसतं

मुतखड्याची कळ बरगडीखाली एका बाजूला सुरू होते आणि जांघेकडे उतरते. लाटा आल्यासारखी येते-जाते, सोबत उलटी होते. फरक ओळखायची सोपी खूण आहे. उसण भरलेला माणूस हलायला घाबरतो, मुतखडा असलेल्याला एका जागी थांबवत नाही, तो येरझाऱ्या घालतो.

एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल, कपड्याचा स्पर्शही नको वाटत असेल, तर दोन-तीन दिवस कातडीकडे लक्ष ठेवा. नागीण उठण्याआधी अशीच दुखते. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर फायदा चांगला होतो. बायकांना पाळीच्या आधी दर महिन्याला ठरावीक दिवशी कंबर दुखत असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरं जात असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. मणक्याचा एमआरआय काढून तिथे काही सापडणार नाही. साठी उलटलेल्या, बिडी-सिगरेट ओढणाऱ्या पुरुषाच्या पोटात आणि पाठीत अचानक भयंकर कळ येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटत असू शकते. सरळ रुग्णवाहिका बोलवा.

उरलेल्यांनी आपला प्रकार ओळखावा

*साधी उसण.* दुखणं कमरेत, फार तर ढुंगणात किंवा मांडीत. कुशीवर वळताना, खुर्चीतून उठताना कळ येते, एखाद्या स्थितीत मात्र आराम पडतो. पहिले दोन-तीन दिवस वाईट, दोन आठवड्यांत बरीच सुधारणा, सहा आठवड्यांत बहुतेक जण कामाला.

*शिरेचं दुखणं, म्हणजे साइटिका.* इथे कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो आणि कळ गुडघ्याच्या खाली जाते. मुंग्या येतात. मुंग्या कुठे येतात त्यावरून शीर कळते: अंगठ्याकडे आणि पावलाच्या वरच्या बाजूला असतील तर पाचव्या मणक्याची, करंगळी आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेला असतील तर त्याखालची. घरी एक चाचणी होते. पाठीवर सरळ झोपा, दुसऱ्या कुणी तुमचा पाय टाचेखाली धरून गुडघा न वाकवता सावकाश उचलावा. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली वीज गेल्यासारखी कळ आली तर शीर चिडलेली आहे. मांडीच्या मागे नुसता ताण आला तर तो धरायचा नाही, तो सगळ्यांनाच येतो. साइटिका उसणेपेक्षा रेंगाळते, सहा ते बारा आठवडे लागतात. पण सरकलेल्या गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत अशी की मोठे, पार बाहेर निघालेले तुकडे बरेचदा जास्त चांगले शोषले जातात.

*मज्जातंतूंची वाट अरुंद होणं.* साठीच्या पुढे. चालायला लागलं की पाच-दहा मिनिटांत दोन्ही पाय जड होतात, भरून येतात. बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे. सायकल चालवता येते, बाजारात हातगाडीवर रेलून हिंडता येतं, पण ताठ चालवत नाही. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी असंच होतं, फक्त तिथे नुसतं उभं राहिलं तरी पाय मोकळे होतात, वाकावं लागत नाही.

*सांध्यांच्या दाहाची कंबरदुखी.* ही सगळ्यात जास्त वर्षं न ओळखता राहते. पंचविशी-तिशीतला मुलगा किंवा मुलगी, तीन महिन्यांहून जास्त दुखणं, पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग, सकाळी अर्धा तास किंवा जास्त ताठरपणा, आणि चालल्याफिरल्यावर बरं वाटणं. आरामाने वाढतं, हालचालीने कमी होतं, म्हणजे साध्या कंबरदुखीच्या अगदी उलट. अशांनी थेट संधिवाततज्ज्ञाला गाठावं. लवकर औषधं सुरू झाली तर मणके एकमेकांना जुळून पाठ ताठ होण्यापासून बरंच वाचवता येतं.

पहिले तीन दिवस

पूर्वी पंधरा दिवस फळीवर झोपवून ठेवत. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि कामावर लवकर गेले. त्यानंतरचं संशोधन त्याच दिशेचं आहे. पडून राहिलं की स्नायू झपाट्याने कमजोर होतात आणि हालचालीची भीती वाढते. म्हणून पहिल्या दिवशी आडवं पडा, पण एका वेळी अर्धा-पाऊण तास. मग उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला.

पडायचं कसं? पाठीवर झोपणार असाल तर गुडघ्यांखाली लोड किंवा दोन उशा. कुशीवर असाल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, नाहीतर वरचा पाय पुढे घसरून कंबर पिळली जाते. जमिनीवर झोपायचा सल्ला घरोघरी मिळतो. त्यात फारसा अर्थ नाही. २००३ साली स्पेनमध्ये कडक आणि मध्यम-कडक गाद्यांची तुलना झाली, तेव्हा मध्यम-कडक गादीवर झोपलेल्यांना जास्त आराम पडला होता. झोळ पडलेली कॉइलची गादी वाईटच. चांगली पिंजलेली कापसाची गादी पलंगावर टाकली की काम भागतं. शिवाय उसण भरलेल्या माणसाला जमिनीवरून उठणं हीच दिवसातली सगळ्यात मोठी शिक्षा असते.

पलंगावरून उठण्याची पद्धत नीट शिकून घ्या, निम्मी कळ तिथेच वाचते. पाठीवर असताना दोन्ही गुडघे दुमडा. खांदे आणि कंबर एकदमच वळतील असं कुशीवर व्हा. आधी खांदे आणि मग कंबर असं झालं की चमक येते. पलंगाच्या काठाशी सरका. दोन्ही पाय खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा रेटून धड वर आणा. बसल्यावर दोन श्वास थांबा. पाऊल मागे घ्या, हात मांड्यांवर ठेवा, नजर समोर ठेवून उठा. पाठीवरून सरळ उठून बसायचा प्रयत्न करायचा नाही.

शिंक येतेय असं वाटलं की एक हात भिंतीवर किंवा ओट्यावर टेका, गुडघे जरा सैल सोडा आणि पाठ किंचित मागे घ्या. बसलेले असाल तर शक्यतो उभे राहा. पुढे वाकून दिलेली शिंक उसणेला पुन्हा पहिल्या दिवसावर नेते.

शौचाला पहिले काही दिवस कमोड वापरा. घरात भारतीय पद्धतीचंच असेल तर मध्ये भोक असलेली खुर्ची वैद्यकीय दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते. कुंथणं टाळायचं म्हणून रात्री ग्लासभर पाण्यातून दोन चमचे इसबगोल घ्या आणि दिवसभर पाणी कमी पडू देऊ नका. ट्रॅमाडॉलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर मलावरोध ठरलेलाच, तेव्हा इसबगोल पहिल्या दिवसापासून.

शेक चांगला लागू पडतो. रबरी पिशवीत उकळतं पाणी नको, हाताला सहन होईल इतकंच गरम. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बाम चोळून त्यावर गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना स्पर्श नीट कळत नाही त्यांनी पायांवर शेक घेऊच नये आणि कमरेवर घेतानाही दर पाच मिनिटांनी दुसऱ्या कुणाला कातडी बघायला सांगावी. विजेच्या पिशवीवर झोप लागू देऊ नये. बर्फाने बरं वाटत असेल तर बर्फ घ्या, हरकत नाही, पण उसणेत बहुतेकांना गरमच मानवतं.

गोळ्या

नुसत्या पॅरासिटामॉलचा कंबरदुखीत उपयोग होत नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात मोठी चाचणी झाली, तीत पॅरासिटामॉल घेणारे आणि औषध नसलेली नकली गोळी घेणारे साधारण सारख्याच वेळात बरे झाले. आयबुप्रोफेनसारख्या दाहशामक गोळ्यांचा थोडा उपयोग होतो. निरोगी प्रौढ माणसाने ४०० मिलिग्रॅमची एक गोळी जेवणानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा, तीन ते पाच दिवस. गोळीचं काम दुखणं पूर्ण घालवण्याचं नाही, चालता येईल इतकं कमी करण्याचं आहे. म्हणून गोळी घेऊन झोपण्यापेक्षा गोळी घेऊन तासाभराने चालायला जावं.

पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गर्भारपण असेल तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तरीही विचारा. पावसाळ्यात ताप आणि कंबरदुखी एकत्र आली तर डेंगी नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांना हात लावू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेवढ्यापुरतं पॅरासिटामॉलच बरं.

दुकानातून "कंबरेची गोळी" म्हणून जी पाकिटं मिळतात त्यांत बहुतेकदा दोन-तीन औषधं एकत्र असतात: अ‍ॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि स्नायू सैल करणारं एखादं. एक पाकीट दुकानदाराने दिलेलं, दुसरं शेजाऱ्याने दिलेलं, दोन्ही सुरू केली की एकच औषध दुप्पट पोटात जातं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. स्नायू सैल करणाऱ्या गोळीने झोप येऊ शकते, ती घेऊन गाडी चालवू नका. वाताच्या पुड्या नावाने विकल्या जाणाऱ्या, कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या औषधांपासून दूरच राहा. एका दिवसात जादू होते ती अनेकदा मिसळलेल्या स्टेरॉइडने. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि ते अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

एमआरआय कधी काढायचा

वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत नको. पैसे वाचवायचे म्हणून नव्हे. त्या अहवालात काहीतरी निघतंच, आणि ते वाचून माणूस घाबरतो. २०१५ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा निघाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण पन्नाशीत ६० टक्के. आणि यातल्या कुणालाच दुखत नव्हतं. "चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आहे, आता वाकायचं नाही" असं ऐकून दहा-दहा वर्षं खाली न बसलेली माणसं आहेत. चौथा-पाचवा मणका आणि त्याखालची जागा सगळ्यात जास्त झिजते, कारण भार तिथेच जास्त पडतो. केस पांढरे व्हावेत तशीच ही झीज.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. गादी आणि शीर दिसत नाही. त्यामुळे साध्या उसणेत तो काढून हाती काहीच लागत नाही.

चौथ्या दिवसापासून: चालणं आणि पाच व्यायाम

घराबाहेर सपाट रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा, अर्ध्या तासापर्यंत. किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहाच्या मापावर तीन-चारपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर आलेलं असेल तर. सकाळी जास्त दुखत असेल तर कालचं प्रमाण निम्मं करा, बंद करू नका.

व्यायाम सकाळी उठल्या उठल्या नकोत. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगतात, माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंच असतो, आणि फुगलेल्या गादीला पुढे वाकणं जास्त जड जातं. उठल्यावर पहिला तास-दोन तास खोल वाकणं टाळा. दात घासताना एक हात बेसिनवर ठेवा, बूट खुर्चीवर बसून पाय मांडीवर घेऊन घाला.

पहिला व्यायाम: पाठीवर, गुडघे दुमडून. पोट आत घेत कमरेची पोकळी जमिनीला टेकवा, पाच सेकंद, दहा वेळा. श्वास चालू हवा.

दुसरा: त्याच स्थितीतून ढुंगण उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेघ होईपर्यंत. पाच सेकंद, दहा वेळा. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा ढुंगणाजवळ घ्या. त्याहून वर उचलून कमान करू नका.

तिसरा: पालथे झोपा, दोन मिनिटं नुसतेच. मग कोपरांवर छाती उचला, एक-दोन मिनिटं. जमलं तर तळवे टेकून हात सरळ करत वर, कंबर सैल, दहा वेळा. साइटिकावाल्यांनी इथे कळ कुठे जाते ते बघायचं. पोटरीतली कळ मांडीत आणि मांडीतली कमरेत सरकली, तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी हा व्यायाम तुमच्यासाठी बरोबर आहे, दिवसातून चार-पाच वेळा करा. कळ उलट खाली पावलाकडे उतरली तर लगेच थांबवा. मज्जातंतूंची वाट अरुंद झालेल्यांना हा व्यायाम सहसा मानवत नाही. त्यांनी पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीकडे घ्यावा.

चौथा: हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर, १० सेकंद. मग बाजू बदला. आधी पाच वेळा, थोडं थांबून तीन, पुन्हा थांबून एक. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये इतकी स्थिर. इथे सगळ्यांचं चुकतं ते एकाच जागी: पाय फार वर नेतात आणि कंबर खाली झोळ खाते. पाय कमरेच्या उंचीला आला की पुरे.

पाचवा: कुशीवर, गुडघे दुमडून, कोपरावर धड उचला. गुडघा आणि कोपर एवढेच टेकलेले. १० सेकंद, त्याच क्रमाने, दोन्ही बाजूंनी. हे शेवटचे दोन कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांच्या प्रसिद्ध तीन व्यायामांपैकी आहेत.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी सहा आठवडे धीर धरावा. एका नमस्कारात दोनदा पूर्ण पुढे वाकावं लागतं, म्हणजे बारा नमस्कारांत चोवीस वेळा, आणि तेही पहाटे. पश्चिमोत्तानासन आणि हलासन तर साइटिकेत नकोच.

कमरेचा पट्टा हवाच असेल तर प्रवासात किंवा उभ्याच्या कामात तास-दीड तास. दिवसभर बांधून ठेवला की त्याच्याशिवाय चालायची भीती वाटायला लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पट्टे, वजन लावून ताणणं, अल्ट्रासाउंडचा शेक, विजेचे झटके देणारं टेन्स मशीन यांची नियमित उपचार म्हणून शिफारस केलेली नाही. फिजिओथेरपीची दहा बैठकांची पावती फाडून रोज फक्त मशीन लावलं जात असेल आणि व्यायाम कुणी शिकवत नसेल, तर जागा बदला.

सहा आठवडे झाले, तरी पाय दुखतोच

साइटिका सहा ते बारा आठवडे जोरात राहिली, झोप उडाली, काम बंद पडलं, तर एमआरआय काढून मणक्याच्या शल्यविशारदाशी बोला. शिरेजवळ दिलेल्या इंजेक्शनने काहींना काही आठवड्यांचा आराम मिळतो. शस्त्रक्रियेने पायाची कळ लवकर थांबते, पण २००७ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या तुलनेत वर्षअखेर शस्त्रक्रिया केलेले आणि आधी थांबून बघितलेले सारखेच बरे होते. त्यामुळे पायात अशक्तपणा नसेल तर घाई तुमच्या सहनशक्तीवर ठरते. पाय न दुखता नुसती कंबर दुखत असेल तर शस्त्रक्रियेची खात्री कमी, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये.

नुसती कंबर तीन महिन्यांच्या पुढे दुखत राहिली तर मणक्यांइतकंच झोपेकडे, कामावरच्या ताणाकडे आणि "वाकलो तर काहीतरी तुटेल" या भीतीकडे बघावं लागतं. ज्या हालचालीची भीती बसली आहे ती रोज थोडी थोडी करायला लावणारा फिजिओथेरपिस्ट इथे उपयोगी पडतो.

पुन्हा भरू नये म्हणून

उसण एकदा भरली की वर्षभरात पुन्हा भरणं नवलाचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या चाचणीत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत हळूहळू नेलेल्या लोकांना पुढचा झटका साधारण २०८ दिवसांनी आला, असा कार्यक्रम न दिलेल्यांना ११२ दिवसांनी. फुकटातला याहून चांगला उपाय नाही.

उचलण्यात खरा फरक पडतो तो अंतराने. तेच वजन हात लांब करून धरलं की कमरेवरचा भार कितीतरी वाढतो. भरलेलं घरगुती सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून तिसेक किलो. ते पोहोचवणाऱ्याकडूनच जागेवर ठेवून घ्या, खाली चाकांची ट्रॉली लावा. २० लिटरची बादली एका हातात नेण्यापेक्षा दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत. वजन हातात असताना कमरेतून वळू नका, पावलं वळवा.

केर काढायला आखूड केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू, लादीला उभ्याने फिरवायचा पोछा. ओट्याशी तासभर उभं राहायचं असेल तर पायाशी पाट ठेवून एक पाय त्यावर, दर पाच मिनिटांनी पाय बदला. खुर्चीत बसून काम असेल तर अर्ध्या तासाने उठा, दोन मिनिटं पुरतात. एसटीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा धरा, मागच्या चाकामागचे बाक नकोत. दुचाकीवर पहिला आठवडा बसू नका, आणि नंतरही मागे एका बाजूला पाय सोडून बसणं सोडा, कारण खड्ड्यात कंबर पिळलेल्या स्थितीतच आदळते.

भातलावणी, कांदा काढणी, ऊसतोड यांत वाकणं टळत नाही. तिथे दर वीस मिनिटांनी उभं राहून, दोन्ही तळवे कमरेवर ठेवून पाच वेळा सावकाश मागे वाका, आणि पहाटेच्या पहिल्या तासात वाकायच्या कामाऐवजी मोळ्या किंवा रोपं पोहोचवण्यासारखी चालायची कामं लावून घेता आली तर घ्या. सलग वाकण्यापेक्षा दोन-तीन जणांनी आलटून पालटून काम बदललं तर संध्याकाळी कंबर बरीच हलकी राहते.